शेकलेले पाय

धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात, मुलांच्या वॉर्डात, माझं नाव ‘पाया पडणारी बाई’ असं पडलं होतं. ते कुणी पाडलं हे मला चांगलं माहीत आहे. पारोळ्याकडची एक आजी होती. तिच्या नातवाच्या छातीत पू झाला होता, नळी घातली होती, आणि त्यामुळे ती वॉर्डात बरेच आठवडे मुक्कामाला होती. मी नुकतीच बालरोग शिकायला तिथे रुजू झाले होते. पहिल्याच सकाळी मी त्या नातवाच्या अंगावरची गोधडी पायाकडून उचलली आणि त्याचे दोन्ही अंगठे हातात धरले. आजी खाटेवरून ताडकन उठली.

“ओ बाई! हाई काय करी राह्यनी तू? पोरना पाय धरस? आम्हले पाप लागी ना!”

इंग्रजीत होतं उत्तर, सगळं पाठ होतं. पण मराठीत ते कुठून सुरू करायचं हे कळेना. गोंधळून मी पाय सोडले आणि ‘माफ करा’ म्हणायच्या ऐवजी हात जोडले. तिथेच घात झाला.

“देखा, देखा! आते हात बी जोडस!” आजी म्हणाली, आणि अख्खा वॉर्ड हसला. सलाईन लावलेली पोरंसुद्धा हसली.

पाय धरण्यामागे माझा प्रबंध होता. एम.डी.साठी प्रत्येकाला एका विषयावर संशोधन करावं लागे. बरोबरच्यांना वजन, जुलाब, रक्त कमी असणं असे सरळ विषय मिळाले. मला आमच्या सरांनी गंभीर आजारी मुलं दिली. एखाद्या जखमेतला, फोडातला किंवा छातीतला जंतुसंसर्ग रक्तात उतरतो, सगळं अंग पेट घेतं, फुप्फुसं ओली होऊन जड पडतात, ती मुलं. आम्ही त्याला सेप्सिस म्हणायचो. मोठ्या शहरांत अशा मुलांच्या रक्तवाहिनीत नळी सरकवून दाब मोजणारी यंत्रं होती. आमच्याकडे रक्तदाबाचा, मोठ्या माणसाच्या दंडाला बसणारा पट्टा होता, तो मुलांना दोन वेढे बसायचा.

सर म्हणाले, “आपल्याकडे जे आहे त्यावर काम करायचं. पाय सगळ्यांकडे आहेत.”

त्यांची कल्पना साधी होती. अंगातला रक्ताचा फेरा ढासळायला लागला की शरीर आधी हृदय आणि मेंदू सांभाळतं आणि हातापायांना सोडून देतं. म्हणून आधी अंगठे गार पडतात, मग घोटे, मग गार वर चढत जातं. मी तापमान मोजायची एक तार अंगठ्याला चिकटवायची, दुसरी अंगाच्या आत, आणि दोन्हींतला फरक सकाळी आणि दुपारी आलेखाच्या कागदावर मांडायचा. फरक वाढला तर मूल बुडतंय, कमी झाला तर वर येतंय. तारेआधी हात लावून बघायचा, हा सरांचा नियम. “मूल पायाकडून वाचायला लागायचं,” असं ते म्हणत.

मला हा विषय आवडला, त्याचं कारण मी सरांना कधी सांगितलं नाही. पायाला हात लावायला बोलावं लागत नाही.

माझं शिक्षण जळगावात इंग्रजी शाळेत झालं. वर्गात मराठी बोललं तर बाहेर उभं करायचे, आणि बाहेर उभं राहणं मला इतकं लाजिरवाणं वाटे की मी सुरक्षित मार्ग म्हणून बोलणंच कमी केलं. वडील जामनेर तालुक्यातल्या पहूरजवळच्या शेतकरी घरातले. नोकरीसाठी शहरात आले आणि आमच्याशी पुस्तकातलं मराठी बोलू लागले, पोरींची भाषा बिघडू नये म्हणून. पण गावाहून कुणी केळीचा घड घेऊन किंवा कुणाचं दुखणं घेऊन आलं की ओट्यावर ते वेगळेच होत. आवाज मोठा, हसू मोठं, शब्द निराळे. मी पडद्याआड अभ्यास करत बसलेली असे आणि सगळं ऐके. ती भाषा मला कळायची, पण ती बोलायची परवानगी आहे असं कधी वाटलं नाही.

हिवाळ्यातला तो जळगाव-धुळे एस.टी.चा प्रवास मला अजून आठवतो. एरंडोल, पारोळा. जिनिंगकडे जाणाऱ्या कपाशीच्या गाड्यांमुळे रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकलेले असत. पाठीशी आईनं दिलेल्या भरताचा डबा, शालीला त्याचा भाजका वास. मी खिडकीशी बसून मनात वाक्यं जुळवायची: ‘आजी, मी बाळाच्या पायाला हात लावून बघते, राग मानू नका.’ धुळ्याला उतरेपर्यंत वाक्य बिनचूक व्हायचं, आणि वॉर्डात शिरलं की जागच्या जागी विरघळून जायचं.

वॉर्ड लांबट होता. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांच्या फुटलेल्या तावदानांच्या जागी जुने एक्स-रे चिकटवले होते. सकाळचं ऊन कुणाच्या तरी बरगड्यांतून गाळलं जाऊन फरशीवर पडायचं. आवारात नातेवाइकांच्या तीन दगडांच्या चुली पेटलेल्या असत. भाकरीचा, धुराचा आणि फिनाईलचा वास एकत्र आत यायचा. आता तिथे म्हणे काचा बसवल्यात आणि चुलींना बंदी आहे. चांगलंच झालं. तरी त्या बरगड्यांची सावली आठवली की मला घरची आठवण आल्यासारखं होतं.

त्याच हिवाळ्यात शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातून एक माणूस आपल्या भाचीला घेऊन आला. मुलगी शाळेत जायला लागली असेल-नसेल एवढी. तिची आई बाळंतपणाला माहेरी आली होती, तिच्याबरोबर हीही आलेली. आई नुकतीच बाळंत झालेली, तिला हलता येत नव्हतं. इकडे मुलीच्या मांडीला गळू झालं. त्यांनी पोटीस बांधलं, ते फुटलं, सगळ्यांना बरं वाटलं. आणि मग ताप चढला, श्वास भात्यासारखा उडायला लागला. मामानं तिला खांद्यावर टाकलं आणि मिळेल त्या गाडीनं धुळं गाठलं. सोबत दुसरं कुणी नव्हतं.

मी पाय धरले तेव्हा तो दचकला नाही. उलट बाजूला सरकून मला जागा दिली.

“धरा बाई, धरा. भाचीना पाय शेतस. आम्हीबी पडतस.”

आमच्याकडे भाची मामाच्या पाया पडत नाही, मामा भाचीच्या पडतो. हे मला ठाऊक होतं; दिवाळीला माझ्या मामानं माझे पाय शिवले की मला पळून जावंसं वाटे. पण माझं हे विचित्र काम कुणाला तरी योग्य वाटलं, असं वॉर्डात पहिल्यांदाच घडत होतं. मुलीचे अंगठे गार होते, घोटेही. मी तळव्याला हात लावला तशी एवढ्या धापेतही तिनं बोटं आखडून घेतली.

“गुदगुल्या व्हतीस तिले,” मामा म्हणाला. “जनमनी खोड शे.”

एक्स-रे आला. दोन्ही फुप्फुसं धुरकट. शल्यचिकित्सकांनी मांडीतला उरलासुरला पू काढला, आम्ही प्रतिजैविकं सुरू केली, नाकात नळ्या घालून ऑक्सिजन, आणि त्याची दुसरी नळी पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवली, म्हणजे फुप्फुसांवर थोडा दाब राहावा. बाटलीत अखंड बुडबुडे निघत. मामा त्या बुडबुड्यांकडे बघत बसायचा.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला विचारलं, “बाई, गळू त मांडीले व्हतं. ते फुटनं बी. छातीले काय झायं मंग?”

दाहाचं सगळं शास्त्र माझ्या डोक्यात इंग्रजीत रांगेनं उभं होतं. त्यातलं काही उपयोगाचं नव्हतं. मग मला पहूरकडचं आमचं शेत आठवलं. कापूस वेचून झाल्यावर एकदा पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, पेटवली होती, वारा फिरला आणि आग बांध ओलांडून शेजारच्या केळीत शिरली होती.

“भाऊ, पऱ्हाटी जाळताना वारं फिरलं तर आग बांधावरून पलीकडे जाते ना? गळूतले जंतू जाळायला अंगानं आग लावली. ती आता बांध ओलांडून छातीत गेलीय.”

वॉर्डातलं माझं तोवरचं सगळ्यात लांब बोलणं ते होतं. त्यानं बुडबुड्यांवरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं.

“म्हंजे आग आम्हनीच.”

“हो. आपलीच.”

“आन् बहिणले काय सांगू मी?” तो म्हणाला. “ती रोज निरोप धाडस, पोर कशी शे. ओली बाळंतीण शे ती. मन्हा जिवावर पोर सोडेल शे तिनी.”

मुलगी जगेल की नाही हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, आणि खोटं धीराचं बोलणं मला कुठल्याच भाषेत येत नव्हतं.

अडचण अशी होती की आग विझवायला पाणी हवं, आणि छातीला पाणी सोसत नव्हतं. रक्ताचा फेरा सावरायला सलाईन दिलं पाहिजे. जास्त दिलं की तेच फुप्फुसांत झिरपणार. सर म्हणाले, “पाय पाणी मागतात, छाती नको म्हणते. या भांडणात पायांचं ऐकायचं, पण कान छातीवर ठेवून.” सलाईन किती आणि फेरा सावरणारं औषध किती, हे आता माझ्या आलेखावर ठरणार होतं. माझी अंगठ्याची रेघ प्रबंधातून उठून त्या मुलीच्या खाटेशी येऊन बसली होती.

आणि फरकाची रेघ खाली उतरू लागली. अंगठे उबदार व्हायला लागले. नुसते तिचे नव्हे. त्या आठवड्यात माझ्या सगळ्या मुलांचे पाय उबदार व्हायला लागले. पारोळ्याच्या आजीच्या नातवाचे तर विस्तवासारखे. आलेख इतके देखणे आले की सर म्हणाले, “तुझा विषय बोलायला लागला की!” मी खूश झाले. मी गप्प असले तरी माझा विषय बोलतोय, हे मला फार आवडलं.

दोन गोष्टी तेवढ्या खटकत होत्या. तार चिकटवायची पट्टी अंगठ्यावर टिकेना, निसटून जाई. आणि जेवायला बसलं की माझ्या बोटांना लसणाचा आणि ओव्याचा वास येई. थंडीत आपल्याकडे पोरांना तेल लावतातच, म्हणून मी तो विचार पुढे नेला नाही.

एका सकाळी राउंडला सरांनी मुलीचा आलेख पाहिला. छाती अजून भरलेलीच होती, एक्स-रे वाईटच होता, पण पाय उत्तम.

“फेरा सावरला. आता छातीचं ऐकू,” ते म्हणाले, आणि त्यांनी सलाईन कमी केलं, औषधाचे थेंबही कमी केले. निर्णय बरोबर होता. आलेख खरा असता तर.

दुपारी मी तार घेऊन गेले. मामा पायथ्याशी बसला होता, चेहरा उजळलेला. मी अंगठे धरले. चांगलेच गरम. तळव्यावर बोट फिरलं, आणि मी थांबले. मुलीनं बोटं आखडली नव्हती.

मी पुन्हा बोट फिरवलं. काहीच नाही. तिच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे अर्धे उघडे, पण ती कुणाकडे बघत नव्हती. माझा हात आपोआप वर सरकला. पाऊल गरम. नडगी कोमट. गुडघा माठासारखा गार.

क्षणभर मला वाटलं, माझा हातच उलटा वाचतोय. गार खालून चढतं, ऊब वरून उतरते. पाऊल गरम आणि गुडघा गार, असं माणसाचं अंग करत नाही. मी गोधडी दूर केली. तिच्या दोन्ही पावलांच्या मध्ये फडक्यात बांधलेली मिठाची पुरचुंडी होती, नुकतीच चुलीवरून आणलेली, आणि अंगठ्यांवर तेल चकाकत होतं.

“देखा बाई,” मामा हसत म्हणाला, “कशा गरम शेतस! सकायपासून शेकी राह्यनू. थंडी चढूच देयेल नही.”

मी घरून आणलेलं, एस.टी.त घोकलेलं, शाळेतलं, एकही वाक्य मला सापडलं नाही. तोंडून निघालं ते वडिलांच्या ओट्यावरचं.

“हे काय करेल हाये भाऊ तुम्ही!”

मी एवढ्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. अख्ख्या वॉर्डाच्या माना वळल्या. मग खिडकीजवळून पारोळ्याच्या आजीचा आवाज आला, “आ माय! बाई त जामनेरकडनी निंघनी!”

मी पुरचुंडी उचलून बाजूला ठेवली आणि धावले. सर विद्यार्थ्यांना शिकवत होते. त्या वर्गात मी कधी तोंड उघडलेलं नव्हतं. दारातूनच म्हणाले, “सर, आलेख खोटा आहे.”

“कोणता?”

“सगळे.”

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. सरांनी खडू ठेवला.

वॉर्डात येऊन त्यांनी आधी गुडघ्याला हात लावला, मग पावलाला, मग स्वतःची बोटं नाकाशी नेली. “लसूण,” म्हणाले. पुढचं सगळं झटपट झालं. सलाईन पूर्ववत, मग थोडं जास्त, औषधाचे थेंब वाढवले, पाण्याच्या बाटलीतली नळी थोडी अधिक खोल. नाशिकला हलवायचं का, असं मी विचारलं. सर हळू आवाजात म्हणाले, “रस्ता सोसायचा नाही तिला. जे करायचं ते इथेच.” आम्ही खाटेच्या दोन बाजूंना उभे राहिलो. ते छाती ऐकत होते, माझा हात गुडघ्यावर होता. एक्स-रेच्या बरगड्यांची सावली फरशीवरून सरकत भिंतीवर गेली तेव्हा तो गुडघा जेमतेम, अगदी जेमतेम, गार वाटेनासा झाला. सर म्हणाले, “थांब. एवढ्यात खूश होऊ नकोस.”

मग ते वॉर्डाकडे वळले. “कुणी कुणी शेकले पाय?”

आजीच उभी राहिली. पदर सावरून, मान ताठ.

“बठ्ठासनी, सायेब, अख्खा वॉर्डनी. थंडा पाय लागनात का हाई बाई सलाईन लावस, सुई टोचस. गरम लागनात का गोड हसस. मंग आम्ही काय करो? बाईले गरम पाय लागतस, आम्ही गरम करी दिनात. आम्हनं काय चुकनं?”

माझ्या हसण्याकडे वॉर्डात कुणाचं लक्ष असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी या आया-आज्यांना चोरून बघते, एवढंच मला माहीत होतं. त्या मला बघत होत्या, माझी राउंडची वेळ पाळत होत्या, चुलीवर मीठ तापवत होत्या.

सरांना हसू आवरेना. “चुकलं काहीच नाही, आजी. पोर शेकलं असतं तर एक वेळ चाललं असतं. तुम्ही आमचा थर्मामीटर शेकलात.”

सगळ्या हसल्या. मामा हसला नाही. तो भिंतीला पाठ लावून खाली बसला होता.

“म्हंजे मीच,” तो म्हणाला. “मन्हा हातखाल...”

मी त्याच्याजवळ फरशीवर बसले. आता कुठल्या भाषेत बोलायचं याचा विचार करायला वेळ नव्हता. जे येईल ते बोलले, अर्धं पुस्तकातलं, अर्धं ओट्यावरचं. ऊब ही आतून यायला हवी, पोटाकडून मांडीला, मांडीकडून गुडघ्याला, असं शेवटी अंगठ्यापर्यंत. ती किती लांब पोचली यावरून आम्हाला कळतं. वरून शेक दिला की आम्ही आंधळे होतो. त्यानं कान देऊन ऐकलं. त्याच्या शेतात पाटानं पाणी द्यायचे. मला ते नंतर कळलं, पण त्याला माझं बोलणं त्याच वाटेनं समजलं.

“म्हंजे पाटनं पानी टोकना वाफाले पोचनं का, ते तुम्ही देखतस.”

“हो, भाऊ.”

“आन् मी टोकना वाफामा घागर वती दिनी.”

मी मान हलवली. इतकी वर्षं झाली, पण माझ्या प्रबंधाचा विषय याहून नेमका कुणी सांगितलेला मला आठवत नाही. तो काही शहाणपण सांगत नव्हता. तो स्वतःला दोष देत होता. मी म्हणाले, “तुम्हाला माहीत नव्हतं. मी सांगायला हवं होतं, आणि मला बोलता येत नव्हतं.” त्यानं माझ्याकडे पाहिलं. “बोलतस ना,” म्हणाला. “आते त बोलन्यात.”

त्यानंतर त्यानं भाचीला हात लावणं सोडलं. दोन्ही हात काखेत घट्ट दाबून खाटेशेजारी बसायचा. नर्सनं तिला कूस बदलायला धर म्हटलं तरी आधी माझ्याकडे बघायचा. सकाळी मी आले की एकच प्रश्न: “पानी कोठलोंग उनं, बाई?”

“मांडीपर्यंत.”

“गुडघा ओलांडला,” मी पुढच्या एका सकाळी सांगितलं.

“आज परत गुडघ्यावरच आहे, भाऊ.” त्या दिवशी त्यानं भाकरी खाल्ली नाही.

आजीनं पुढाकार घेऊन वॉर्डातल्या चुलींवर नजर ठेवली. कुणी मीठ तापवताना दिसलं की ओरडायची, “ओ! बाईना थरमामीटर शेकू नका!” माझं नाव मात्र बदललं नाही. पाया पडणारी ती पाया पडणारीच.

प्रबंधाचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. तोवरचे सगळे आलेख मी फाडून टाकले आणि नव्यानं सुरुवात केली. आता अंगठ्याआधी गुडघा बघायचा आणि अंगठा कोरडा पुसून घ्यायचा. तेल असेल तर थांबायचं. निष्कर्ष काही फार मोठा निघाला नाही. पण अभ्यासाच्या मर्यादा लिहिताना सरांनी मला एक परिच्छेद घालायला लावला, की नातेवाइकांनी मोजणीआधी पाय शेकल्यामुळे सुरुवातीच्या नोंदी वगळल्या आहेत. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक तेवढ्यावरच अडले. “शेकले म्हणजे? का?” मी त्यांना आजीपासून सगळं सांगितलं, मराठीत, मध्ये न थांबता. ते चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले, आणि मग गंभीर होऊन विचारलं, “ती मुलगी?”

ती मुलगी अशी. एका सकाळी मी वॉर्डात शिरले तेव्हा ती उशीला टेकवून बसवलेली होती. बाटलीतले बुडबुडे बंद झाले होते, नाकात साधी नळी. चेहरा सुकलेला, पण डोळे माझ्या हातातल्या तारेवर. मी गुडघा पाहिला, नडगी पाहिली, घोटा. मग तळव्याला बोट लावलं. तिनं पाय झटकन ओढून घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“नको ना,” म्हणाली.

मामा हात काखेत दाबून उभा होता. “पानी कोठलोंग उनं?” त्यानं विचारलं.

अंगठ्याचं मला तारेशिवाय कळलं होतं. सांगून टाकणं सोपं होतं. पण ते माझं सांगायचं नव्हतं असं मला वाटलं.

“भाऊ,” मी म्हणाले, “भाचीच्या पाया पडा.”

तो घाबरला. “मी हात लावू नही. परत काई झायं त?”

“पडा. मी सांगते ना.”

त्यानं हात काखेतून काढले, धोतराला पुसले, परत पुसले. मग खाटेच्या पायथ्याशी गुडघे टेकून त्यानं त्या दोन लहान पावलांवर कपाळ ठेवलं. मुलगी गुदगुल्यांनी हसायला लागली, खोकली, परत हसली. पण तो उठेना. खिडकीजवळची आजी उभी राहून बघत होती.

मग त्यानं मान वर केली. कपाळावर तिच्या बोटांचे वळ उठले होते.

“गरम शेतस, बाई,” तो म्हणाला. “आन् मी काहीच करेल नही!”